डंकावरचं वायफाय

"काकू, इथं नाही लावता येणार," शिडीवरून इर्शाद म्हणाला.

"का? देवाच्या फोटोशेजारची जागा काय वाईट आहे?"

"जागा चांगली आहे हो. पण खाली डंक आहे. मिरचीचा सगळा धुरळा ह्याच्यात जाणार, आणि हादऱ्यानं चार दिवसांत स्क्रू ढिले होणार. समोरच्या भिंतीवर लावू, उंचावर. बायका बसतात तिथं रेंज बरोबर पडेल."

"लाव बाबा कुठं लावायचं तिथं. शिडीवर तू आहेस."

इर्शाद शिकलगार आमच्या तासगावातलाच. कॅमेरे, केबल, इंटरनेट असली कामं करायचा. त्याच्या हातात होती ती पांढरी, गोल वस्तू, अगदी नाश्त्याच्या ताटलीएवढी. तो तिला ॲक्सेस पॉइंट म्हणायचा, मी ताटली म्हणायचे. ह्या गोष्टीला आता आठ वर्षं झाली, पण मी अजून ताटलीच म्हणते.

आमचा चटणी कुटायचा डंक आहे. लोखंडी मुसळं, खाली उखळ, वर मोटर. शिवरात्र झाली की बायका मिरच्यांची पोती घेऊन यायला लागतात, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत मला शिंकायलाही सवड नसते. ह्या धंद्याची एक रीत आहे. बाई आपली मिरची उखळात पडल्यापासून चटणी होऊन डब्यात बंद होईपर्यंत जागची हलत नाही. तीन तास लागोत नाहीतर पाच. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल ही एक भीती. आणि दुसरी, खरी भीती म्हणजे आपलं प्रमाण कुणाला कळेल. धने किती, खोबरं किती, दगडफूल घालायचं की नाही, हे प्रत्येक घरचं वेगळं आणि प्रत्येक घरचं गुपित. मसाला आम्हीच तोलून, भाजून देतो, म्हणून ते मला सांगावं लागतं. तेही कानात.

आता शेड दगडी, भिंती दीड हात जाड, वर पत्रा. आत मोबाइलला रेंज नाही म्हणजे नाही. माझी सून प्रणोती पुण्याच्या ऑर्डरी फोनवर घ्यायची. फोन आला की ती रस्त्यावर पळायची, तिकडं भट्टीवरचं खोबरं करपायचं. आणि बायका तर उठायच्याच नाहीत. कुंभारगल्लीच्या एका बाईला नात झाली, ते तिला तीन तासांनी कळलं, कारण तिची मिरची उखळात होती. मला म्हणाली, "नात काय पळून जात न्हाई, मिरची जाती." तेव्हा प्रणोतीनं हट्टच धरला, की आत वायफाय घ्यायचं.

इर्शादनं पुढच्या खोलीतून वायर ओढली. त्याच एका वायरीतून करंट आणि त्याच वायरीतून इंटरनेट. ताटलीवर निळा दिवा लागला तशी मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू? मग तो लॅपटॉप घेऊन पोत्यावर बसला.

"काकू, आता दोन नावं करून देतो. एक दुकानाचं, एक गिऱ्हाइकांचं."

"दोन कशाला?"

"दुकानाच्या वायफायवर तुमचा कॉम्प्युटर, कॅमेरा, प्रिंटर. गिऱ्हाइकांच्यावर नुसतं इंटरनेट. म्हणजे बाहेरच्या माणसाला तुमचं आतलं काही दिसायला नको."

माझं डोकंच फिरलं. "गिऱ्हाइकाला वेगळं? अरे, माझ्या आजोळी गड्यासाठी वेगळी कपबशी असायची, खिडकीत पालथी घातलेली. नऊ वर्षांची असताना मी ती मुद्दाम फोडली आणि मार खाल्ला. माझ्या दारात असलं वेगळं काही चालायचं नाही. एकच नाव, एकच पासवर्ड, सगळ्यांना."

"काकू, कपबशीचा ह्याच्याशी काय संबंध?"

"तुला नाही कळायचं ते."

"आई, तो बरोबर सांगतोय," प्रणोती म्हणाली.

"तू गप गं. माझ्या दारात आलेलं माणूस घरचंच."

इर्शादनं माझ्याकडं पाहिलं, मग प्रणोतीकडं पाहिलं, मग कपाळाला हात लावला. "बरं, निदान पासवर्ड तरी अवघड ठेवूया."

"एक ते आठ आकडे ठेव. बायकांच्या लक्षात राहायला नको?"

"काकू, हा काय पासवर्ड झाला?"

"आकडेच आहेत की. ठेव."

त्यानं ठेवला, पण जाताना दारात थांबून म्हणाला, "उद्या काही झालं तर मला बोलायचं नाही."

"काय होणारे? माझ्या मिरच्या हवेतनं चोरीला जाणारेत?" असं म्हणून मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात पासवर्ड लिहिला.

दुसऱ्या दिवशी धुरळा बसू नये म्हणून मी शिडी लावली आणि त्या ताटलीवर एक स्टीलचं पातेलं पालथं घालून तारेनं घट्ट बांधलं. रेंज गायब! फोनवर इर्शादला चार शब्द सुनावले. तो आला, पातेलं बघितलं आणि हसता हसता त्याला मिरचीचा ठसका लागला. "काकू, लोखंडाआडून लहरी बाहेर येत नाहीत. महिन्यातनं एकदा कोरड्या फडक्यानं पुसा, बास." पातेलं निघालं आणि सगळं सुरळीत झालं.

सुरळीत म्हणजे काय विचारता! बायका नातवंडांची तोंडं बघत बसायच्या. एकजण कीर्तन लावायची, दुसरी रांगोळ्या बघायची. डंकावर जत्रेचं वातावरण. मी मिरवत होते, म्हणत होते, बघा, सगळ्यांना एकच पासवर्ड, माझ्याकडं दुजाभाव नाही.

त्याच महिन्यात प्रणोतीनं माझी प्रमाणाची वही कॉम्प्युटरवर घेतली. वहीची पानं तेलानं पारदर्शक झाली होती, कडा गळत होत्या. तिनं एकेका घराच्या नावाची फाइल केली, आणि भट्टीजवळ उभं राहून मोबाइलवर वाचता यावं म्हणून तो सगळा गठ्ठा वायफायवर मोकळा ठेवला. कुलूपबिलूप काही नाही. ती बिचारी हे स्वतःच्या सोयीसाठी करत होती. आणि मला त्यातलं काय कळतंय?

इथं एक सांगायला पाहिजे. गावात आणखी दोन डंक होते, त्यातला एक माझ्यापेक्षा नवा, फरशी घातलेला, पंखे लावलेला. तरी बायका माझ्या पत्र्याखाली घाम गाळत बसायच्या त्या एकाच गोष्टीसाठी. बावीस वर्षांत एका घरचं प्रमाण माझ्या तोंडून दुसऱ्या घरी गेलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नाही. माझी इभ्रत म्हणाल तर तेवढीच, आणि माझा धंदाही तेवढाच.

आता चौगुल्यांच्या जावा. थोरली आक्काताई, धाकटी सिंधू. दोघींच्या सासूची, तानूबाईंची चटणी म्हणजे सगळ्या पेठेत नाव. पुढं घरं वेगळी झाली, तानूबाई गेल्या, आणि दोघी म्हणायला लागल्या, की सासूची खरी चटणी माझ्याकडं आहे, दुसरीची नक्कल. त्यावरून अबोला पडला. लग्नाकार्यात एकमेकींना कुंकू लावायच्या, पण तोंडं दोन दिशांना. एकीच्या घरी दुसरीनं जेवण घेतलं तरी चटणीला बोट लावायचं नाही. मी दोघींना कायम वेगळे वार द्यायचे. पण त्या वर्षी पाडव्यानंतर मंगळवारी दिवसभर वीज गेली, सगळे नंबर पुढं सरकले, आणि बुधवारी सकाळी दोघी एकाच वेळी माझ्यापुढं. आक्काताई डावीकडच्या भिंतीला, सिंधू उजवीकडच्या, मध्ये सात-आठ बायका. मी मनात स्वतःलाच म्हटलं, मालन, आजचा दिवस सांभाळ.

दुपारी एकच्या सुमाराला सिंधू उभी राहिली. हातात मोबाइल.

"मालनवैनी, हे काय आहे?"

"काय गं?"

"डंक बंद करा आधी."

मी खटका पाडला. शेडमध्ये अशी शांतता झाली, की बाहेरच्या रिक्षाचा आवाज आत आला.

"मी नुसतं बघत बसले होते. बोट लागलं आणि तुमचा कॉम्प्युटर उघडला माझ्या मोबाइलवर. प्रमाण म्हणून कप्पा आहे. आक्काचं नाव दिसलं."

"आणि तू उघडलंस?"

"उघडलं!" तिनं मान वर केली. "आणि बरं झालं उघडलं. हे माझं प्रमाण आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं. आक्काच्या नावावर! तुम्ही माझं प्रमाण हिला दिलंत!"



तेवढ्यात डावीकडून आक्काताई उठली. सत्तरीची बाई, गुडघ्यावर हात ठेवून, पण आवाज पोलीसपाटलाचा. "माझं परमान? हिच्या मोबाइलवर? मालन, तू माझं परमान हिला दिलंस?"

"मी कुणाला काही दिलं नाही, आक्का."

"मग तिच्या हातात कसं आलं?"

"आक्काताई, चूक माझी आहे," प्रणोती भट्टीकडून धावत आली. तिचे डोळे भरले होते. "मी फाइल उघडी ठेवली. आईंना माहीतही नाही."

तिचं ते तोंड बघून मला माझीच लाज वाटली. मी तिला मागं ओढलं. "फाइल हिनं केली, पण दार मी उघडं ठेवलं. इर्शाद सांगत होता, गिऱ्हाइकांचं वेगळं कर. हीही सांगत होती. मी ऐकलं नाही. मला वाटलं, वेगळं केलं तर तो तुमचा अपमान. चूक माझी आहे, हिला कुणी काही बोलायचं नाही."

बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "म्हंजे आमचं बी त्यात असंल की," एक म्हणाली आणि पोत्याचं तोंड आवळायला लागली. दुसरी उठली. तिसरीनं अर्धी कुटलेली चटणी डब्यात भरायला घेतली. बावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर दाराबाहेर चालली होती.

"हे दिसलं ते आज दिसलं," सिंधू म्हणाली. "पण आक्काच्या नावावर माझं प्रमाण आलं कसं, ते सांगा. ते काय वायफायनं लिहिलं?"

मी भट्टीकडं तोंड फिरवलं.

"बोल की गं!" आक्काताई ओरडली.



"तुझं परमान कुठनं आलं गं?" आक्काताई आता सिंधूकडं वळली. "ते माझं हाय. सासूनं दिलं मला. ज्या दिशी आमी वायलं निघालो त्या दिशी. घरामागं परड्यात बोलावलं, माझ्या कानात सांगितलं. म्हणाली, तुलाच देते, धाकटीला सांगू नको, ती गावभर वाटत फिरंल."

सिंधूचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"काय झालं?"

"परड्यात?" सिंधू हळू म्हणाली. "मला पण परड्यातच. आम्ही वेगळे निघालो त्या दिवशी. म्हणाल्या, तुलाच देते, थोरलीला सांगू नको, ती मिरवत बसेल."

पोती आवळणारे हात थांबले. कुणाच्या तरी फोनमधलं कीर्तन तेवढं चालू होतं, तेही तिनं घाईघाईनं बंद केलं.

"शपथ घे," आक्काताई म्हणाली.

"सासूबाईंची शपथ. आणि शेवटी ती एक वस्तू सांगितली, चिमूटभर, तळून. म्हणाल्या, ही माझ्या आईची."

ती वस्तू कोणती, ते दोघी एकदमच बोलल्या. पण जवळ येऊन, एकमेकींच्या कानात. मी सांगणार नाही.

आक्काताई पोत्यावर बसली. "आगं आई गं. म्हातारीनं दोघींला बी तेच दिलं."

"आणि आपण वीस वर्षं..."

"तुझी चटणी मी नक्कल म्हणत हुते की गं. आणि माझीच हुती ती!"

कोण आधी हसलं, मला आठवत नाही. बहुतेक सिंधू. मग आक्काताई अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला, आणि मग शेडभर हसू पसरलं, ठसक्यासकट. आक्काताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं नव्हतं ते, मिरचीचं पाणी मी ओळखते. "मला वाटायचं, मी एकटीच तिची लाडकी," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटायचं, आक्का."

दोघी हातात हात घेऊन बसल्या. मग आक्काताईची नजर माझ्यावर आली.

"मालन, दोन्ही परमानं तुझ्याच वहीत. तूच तोलतीस. तुला ठावं हुतं?"

"होतं."

"कवापासनं?"

"सिंधू पहिल्यांदा आली त्या वर्षापासून. तिनं पहिलं वजन सांगितलं तेव्हाच ओळखलं. शेवटची चिमूट सांगितली तेव्हा खात्रीच पटली."

"वीस वर्षं? आमी भांडलो, अबोला धरला, तुझ्या डोळ्यांदेखत! आणि तू बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर एकीचं प्रमाण दुसरीला सांगितल्यासारखंच झालं असतं, आक्का. तुझं तिच्यासारखं आहे म्हणाले की संपलं. किती वेळा जिभेवर आलं होतं. एकदा तर तुमच्या घरच्या लग्नात दोघींना एका खोलीत कोंडून सांगावं वाटलं. पण शब्द दिला होता, दोघींनाही."

"आणि आत्ता? मघाशी बायका निघाल्या हुत्या. एक शब्द बोलली असतीस तर सुटली असतीस."

"सुटले असते. पण मग उद्या माझ्याकडं कुणी कशाला आलं असतं?"

आक्काताईनं माझ्याकडं इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं आता शिव्या घालणार. घातल्याही. "ढोंगी म्हातारे," म्हणाली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी ती!

तोवर प्रणोतीनं इर्शादला बोलावलं होतं. तो आला तेव्हा जावा मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, आणि त्याला काही समजेना की भांडण कुठं आहे. प्रणोतीनं सगळं सांगितलं. एक शब्द टोचून बोलला नाही पोरगा, तेवढा मोठेपणा त्याचा. फक्त लॅपटॉप उघडताना म्हणाला, "मग काकू, वेगळी कपबशी चालेल का आता?"

"कपबशी एकच राहू दे. तिजोरी तेवढी वेगळी ठेव."

"तेच सांगत होतो की ओ मी!"

त्यानं गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं केलं, नाव ठेवलं 'डंक पाहुणे'. त्यावरून आमचा कॉम्प्युटर दिसत नाही, कॅमेरा दिसत नाही, ते त्यानं सिंधूलाच तिच्या मोबाइलवर शोधायला लावून खात्री करून दिली. दुकानाच्या वायफायला लांबलचक पासवर्ड घातला. त्या ताटलीचा स्वतःचाही एक पासवर्ड असतो म्हणे, कारखान्यातून येतानाच दिलेला, अख्ख्या जगाला ठाऊक असलेला. तोही बदलला. गठ्ठ्याला कुलूप घातलं, ते प्रणोतीला आणि मला सोडून कुणाला उघडत नाही. फळ्यावरचे आकडे मी माझ्या हातानं पुसले.

मग प्रणोती आक्काताईपुढं जाऊन बसली. "आक्काताई, तुमची फाइल मी पुसून टाकते. सिंधूकाकू, तुमचीही. तुमच्यासमोरच पुसते. वहीतलं पानही फाडून देते."

बायका बघत होत्या. ज्यांनी पोती आवळली होती त्या अजून उभ्याच होत्या. आक्काताई काय म्हणते त्यावर माझा डंक राहणार होता की जाणार होता, हे त्या शेडमधल्या प्रत्येकीला कळत होतं. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते.

"पान फाडू नको," आक्काताई म्हणाली. "सिंधूची फाइल पूस."

सिंधूनं चमकून पाहिलं.

"आणि माझ्या फायलीवर माझ्या नावापुढं तिचं नाव लिव्ह. एकच परमान हाय, दोन जागी कशाला?" मग ती उभ्या बायकांकडं वळली. "आणि तुमी गं? आसली मजेची गोष्ट जिनं वीस वरीस पोटात ठेवली, तिच्याकडनं तुमचं धनं-खोबरं बाहेर जायचं हाय व्हय? बसा खाली. मालन, डंक चालू कर."

मी खटका वर केला.